जुन्या शिडाच्या होडीला आधी टोचा, मग पॉलिशपेपर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नौकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. त्याच सुमारास जुन्या शिडाच्या लाकडी होड्यांचीही डागडुजी सुरू होते. अशी होडी हौसेने विकत घेणारे वाढत आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण बहुतेक ठिकाणी कामाची सुरुवात उलट्या टोकाने होते. पहिल्याच दिवशी ग्राइंडर येतो, जुना रंग घासून लाकूड उघडे केले जाते, त्यावर लांबी (फटी बुजवायची पुट्टी), त्यावर रंग किंवा थेट फायबरचा थर. होडी नव्यासारखी दिसते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तळातून सुटते. घासणे हे दुरुस्तीतले जवळजवळ शेवटचे काम आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

होडी वर घेतली की पहिले काम पाण्याचे. तळ ओला आहे तोवरच गोड्या पाण्याचा मारा करून शेवाळ आणि बार्नाकल रुंद पत्रीने खरवडून काढावेत. ओले असताना ते निम्म्या श्रमात सुटतात. एकदा वाळले की त्यांची बुडखी सिमेंटसारखी धरतात, आणि मग लोक पटाशी चालवून फळीला घाव घालतात. होडी टेकवतानाही घाई नको. सगळा भार तळाच्या कण्यावर यायला हवा, म्हणून कण्याखाली दर पाच-सहा फुटांवर ठोकळा. बाजूचे टेकू होडी कलंडू नये एवढ्यासाठीच असतात, आणि तेही आतल्या फासळीच्या रेषेत. दोन फासळ्यांच्या मधे टेकू लावला तर फळी आत दबते आणि सांधा उघडतो. नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, आणि मागच्या टोकाखाली ठोकळे नसतील तर दोन्ही टोके खाली झुकतात, मधला भाग वर उचलला जातो. एकदा वाकलेला कणा सहसा सरळ होत नाही. तळातले वजनाचे दगड होडी जमिनीवर टेकण्यापूर्वीच काढावेत.

आता टोचा घ्या, बारीक टोकाचा, आणि एक हलकी हातोडी. फळीफळीवर वीतभर अंतराने ठोकत जा. चांगले लाकूड टणक वाजते आणि हातोडी उसळते. कुजलेले लाकूड बद्द वाजते, हातोडी तिथेच बसते. जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण करा आणि टोचा दाबा. सुदृढ सागात टोचा जेमतेम शिरतो आणि बाहेर काढताना लाकूड त्याला धरून ठेवते. कुजलेल्यात तो लोण्यात शिरावा तसा जातो, आणि सोबत तपकिरी भुकटी येते. शंका राहिली तर ३ मिलिमीटरचे गिरमिट मारून कीस पाहा. कोरडा, उजळ, कुरकुरीत कीस आला तर फळी ठीक. काळा, ओलसर भुगा आला तर तो भाग काढावा लागणार. भोक लाकडी खुंटीने बुजवले की काम झाले. हे सगळे जुना रंग अंगावर असतानाच करायचे, कारण रंगच सांगत असतो: फोड कुठे आले, खिळ्याभोवती गंजाचा ओघळ कुठे आहे, सांध्यावर केसासारखी भेग कुठे आहे. ग्राइंडर फिरला की हा सगळा मजकूर पुसला जातो.

कुज कुठे शोधायची, याबद्दलही मोठा गैरसमज आहे. खारे पाणी लाकूड कुजवते असे सर्रास बोलले जाते. कुजवणाऱ्या बुरशीला लागते गोडे पाणी, म्हणजे आपला पाऊस. म्हणून कुज बहुतेक वेळा वरून खाली येते: नाळेच्या डोक्यातून, फासळ्यांच्या वरच्या टोकांतून, मागच्या फळीच्या कोपऱ्यांतून, पाणी साचून राहते त्या प्रत्येक कोनातून. पावसाळ्यात होडीला निळे प्लास्टिक चहूबाजूंनी घट्ट बांधून ठेवणे ही त्या बुरशीची सोयच आहे. आत वाफ कोंडते, थेंब टपकतात, वारा नाही. नारळाच्या झापांचे छप्पर पाऊस अडवते आणि वारा खेळू देते. ताडपत्री वापरायचीच असेल तर मधे बांबूचा आडा घालून दोन्ही टोके उघडी ठेवा आणि आतल्या पायफळ्या उचलून ठेवा.

खाऱ्या पाण्याचा शत्रू वेगळा, तो म्हणजे टेरेडो, इंग्रजीत ‘शिपवर्म’ म्हणजे जहाजकिडा. नाव किड्याचे असले तरी हा शिंपल्यांच्या कुळातला प्राणी. पिल्लू असताना तो टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकातून आत शिरतो, मग लाकडाच्या रेषेने वाढत जातो. आतले बीळ पेन्सिलीएवढे, कधी बोटाएवढे जाड होते आणि त्याला आतून पांढऱ्या चुन्याचे अस्तर असते. बाहेरून फळी धडधाकट, आतून जाळी. घासताना ती बारीक भोके लाकडाच्या भुकटीने भरून जातात आणि दिसेनाशी होतात, हा घाईने घासण्याचा सर्वांत मोठा तोटा. कण्याचा तळ आणि सुकाणूच्या खालची कड भिंग घेऊन पाहावी, कारण होडी टेकते तिथला रंग झिजतो आणि टेरेडोला तेवढी जागा पुरते. बीळ लागलेला तुकडा बाहेरून लांबी भरून वाचत नाही. तो कापायचा.

शिडाच्या होडीत आणखी एक जागा इंजिनच्या होडीहून वेगळी तपासावी लागते. वाऱ्यात डोलकाठी खाली दाबते आणि तिचे दोर होडीच्या कडा वर खेचतात. दोन्ही ताण मधल्या भागावर येतात. त्यामुळे डोलकाठीचा खोबणीचा ठोकळा, त्याखालच्या फासळ्या, कण्यालगतची पहिली फळी आणि दोर बांधण्याच्या पट्ट्यांचे बोल्ट हे सगळे एकत्र पाहावे. होडी उभी असताना कोरडी आणि शीड चढवल्यावर गळते, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा इथेच असतो. तिथे बाहेरून कितीही लांबी थापली तरी पहिल्या जोरदार वाऱ्यात ती निघते.

यानंतर खिळे. जुना लोखंडी खिळा गंजला की फुगतो, भोवतीचे लाकूड काळे आणि मऊ पडते, फळी फासळीपासून सुटते. असा खिळा पुन्हा ठोकून आत बसवणे व्यर्थ आहे, कारण त्या भोकात धरायला लाकूडच उरलेले नसते. खिळा काढावा, भोक सुदृढ लाकडापर्यंत मोठे करून खुंटी बसवावी आणि नवा खिळा इंच-दीड इंच बाजूला, लाकडाच्या दुसऱ्या रेषेत मारावा. एकाच रेषेत ओळीने खिळे आले की फळी उभी चिरते. धातूंची सरमिसळ करू नका. पाण्याखाली साधे पितळ चालत नाही: त्यातले जस्त निघून जाते, उरतो गुलाबी, ठिसूळ तांब्याचा सांगाडा. चकचकीत स्टेनलेसचा स्क्रू ओल्या फळीत हवेविना पुरला गेला की आतल्या आत खड्डे पडून तुटतो, डोके मात्र वर चमकत राहते. तांब्याचा खिळा आतून चकती लावून ठेचलेला, किंवा सिलिकॉन ब्राँझचा स्क्रू, हे उत्तम. परवडत नसेल तर गरम जस्तात बुडवलेला जाड लोखंडी खिळा. बाजारात मिळणारा पातळ चकचकीत मुलाम्याचा नव्हे. होडी लोखंडी खिळ्यांची असेल तर तिला तांब्याचे खिळे मधेमधे मारू नयेत. समुद्राच्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि त्यात लोखंड खाल्ले जाते.

साग इथे आपल्या बाजूचा आहे. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंड लवकर गंजते, सागातले तेल तसा त्रास देत नाही. मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. तिची मोठी दुरुस्ती १९९० ला सुरू झाली आणि २००१ पर्यंत चालली. फळीच्या आत काय आहे हे पाहत पाहत केलेले काम एवढा वेळ घेते.

बदलायची फळी कापताना कंजुषी नको. कुज दिसते तिथून पुढे किमान एक फासळीपर्यंत जावे. दोन फळ्या टोकाला टोक लावून जोडायच्या असतील तर तो जोड फासळीवर नको, दोन फासळ्यांच्या मधे घ्या आणि आतून जाड ठोकळ्याची पाठ द्या. तिरका जोड करायचा असेल तर उतार जाडीच्या आठपट तरी हवा: एक इंच फळीला आठ इंच, बारा घेतले तर उत्तम. शेजारच्या फळीतला जोड आणि हा जोड यांत तीन फासळ्यांचे अंतर ठेवा, नाहीतर होडी तिथेच लचकते. नव्या फळीची कड आतून घट्ट आणि बाहेरून किंचित उघडी हवी: दर इंच जाडीला सुमारे अर्धा सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ही फट काथ्या-कापूस धरण्यासाठी असते. दोन्ही कडा काटकोनात रंधून चपखल बसवल्या तर सुताराचे हात दिसतात, पण कापूस धरायला जागा राहत नाही.

सांधे भरताना जुना कापूस आकड्याने ओढून काढावा, कडा न ओरबाडता. गोल फिरणारे यंत्र इथे अजिबात नको. कापसाची सैल वात घेऊन बोथट छिन्नी आणि लाकडी मोगरीने ती लहान लहान घड्या करत आत ठासायची. रुंद फटीला घड्या जवळजवळ, अरुंद फटीला दूर. फार जोर केला तर वात आतल्या बाजूने बाहेर पडते, कमी केला तर पाणी तिला ढकलून देते. नीट ठासलेला सांधा मोगरीखाली फळीसारखाच वाजतो. वर अर्धा सूत ते एक सूत खोली मोकळी ठेवावी, कापसाला आणि कडांना तेलरंगाच्या अस्तराचा एक हात द्यावा, मगच लांबी. अस्तर नसेल तर कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि ती भुगा होऊन गळते. पाण्याखालच्या सांध्यात मऊ लांबीच हवी, राळ-तेलाची असो वा खडू-जवसतेलाची.

इथेच दरवर्षी घडणारा एक घात सांगितला पाहिजे. होडी दोन महिने उन्हात तापली की फळ्या आकसतात, सांधे रुंद होतात. मालकाला वाटते फटी वाढल्या, आणि तो त्या इपॉक्सीने किंवा दाबून दाबून कापसाने भरतो. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, त्यांना जायला जागा नसते, मग कडा चिरडतात, खिळे उपटतात, फासळ्या मोडतात. म्हणून होडी सावलीत ठेवा, तळाशी ओली पोती ठेवा, आत थोडे खारे पाणी फिरवा. लाकूड कोरडे हवे, पण कडकडीत नको. ओलावा मोजण्याचे यंत्र असेल तर रंगासाठी १५ ते १८ टक्के ठीक. यंत्र नसेल तर हातभर पारदर्शक प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने फळीवर लावा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतून थेंब जमले असतील तर रंगाचा डबा उघडू नका.

एवढे झाल्यावर पॉलिशपेपर. जाड जुना रंग आधी खरवडणीने काढा, गरज असेल तर उष्ण हवेने सैल करून. पण जुन्या रंगात शेंदूर म्हणजे शिसे असते, त्यामुळे तो कधीही जाळू नका आणि हवेची उष्णता मंद ठेवा. मग ६० नंबर, मग ८०. पाण्याखालच्या भागाला ८० वर थांबावे, रंगाला धरायला खडबडीतपणा लागतो. पाण्यावरच्या बाजूला १२०, पुढे १८० ते २२०, आणि एनॅमलच्या दोन हातांमध्ये ३२०. ग्राइंडरची चकती लाकडातली मऊ रेष आधी खाते आणि कठीण रेष उभी ठेवते, त्यामुळे फळीवर खळगे पडतात. त्याहून वाईट म्हणजे जाडी जाते. वर्षाला अर्धा मिलिमीटर उडाला तरी वीस वर्षांत १० मिलिमीटर. एक इंचाची फळी १५ मिलिमीटरवर आली की तिच्या सांध्यात कापूस टिकत नाही आणि खिळ्यांची डोकी उघडी पडतात.

सपाटी आणायची असेल तर लांब पाटी वापरा: दोन सुतांचा प्लायवूड, चार इंच रुंद, दोन ते अडीच फूट लांब, दोन टोकांना मुठी, खाली कागद चिकटवलेला. प्लाय होडीच्या गोलाईबरोबर किंचित वाकतो. घासण्यापूर्वी पेन्सिलीने आडवेतिडवे गिरगटा. मग पाटी नाळेकडून मागे तिरकी चालवा, नंतर उलट्या तिरक्या दिशेने. उंच जागेची पेन्सिल आधी जाते, खळग्यातली राहते. ती राहिली तिथे लांबी भरायची, भोवतीचे लाकूड खाली आणायचे नाही. अंधार पडल्यावर बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून धरली की दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो.

घासल्यावर उडणारी पूड हे विष आहे. शिसे आणि तळाच्या रंगातले तांबे फुप्फुसात जाते. तळाचा रंग कोरडा घासू नये, पाणी लावून घासावा. तोंडाला फडके बांधून चालत नाही. धुळीसाठी निदान एन-९५ मास्क, आणि पातळक किंवा इपॉक्सी हाताळताना वाफा शोषणारा गाळणीचा मास्क. खाली ताडपत्री अंथरून पूड गोळा करावी. पुळणीवर पडलेली पूड पुढच्या भरतीला खाडीत जाते, जिथे तिसऱ्या आणि कालवे हे खाण्याचे शिंपले आहेत. पूर्वी तळाच्या रंगात टिनची संयुगे असत. फ्रान्सच्या अर्काशाँ खाडीत त्यांनी कालवांची शेती मोडकळीला आणली, तेव्हा १९८२ मध्ये त्या देशाने २५ मीटरहून लहान बोटींवर असे रंग बंद केले. जगभरची बंदी २००८ मध्ये लागू झाली. जुन्या होडीच्या थरांत ते रंग अजूनही असू शकतात.

फायबरच्या थराबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण ‘फायबर मारा, दहा वर्षे बघायला नको’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. साधे पॉलिएस्टर राळेचे फायबर तेलकट सागाला नीट धरत नाही. होडीची प्रत्येक फळी ओलाव्याने वेगळी हलते, फायबर हलत नाही. आतून पाणी आणि पाऊस शिरतच असतो, तो लाकूड आणि फायबर यांच्या मधे कोंडतो आणि फळी अंधारात कुजते. ‘म्हादेई’चे उदाहरण कोणी देईल. गोव्यात बांधलेल्या त्या नौकेचे कवच लाकडी गाभ्यावर फायबर चढवूनच केले होते, पण ते नव्या कोरड्या लाकडाच्या पट्ट्यांवर, इपॉक्सीने, पहिल्यापासून तसेच आखून. जुन्या खिळ्यांच्या होडीला ते लागू नाही. जिथे इपॉक्सी वापरायचीच आहे तिथे साग चिकटवण्याच्या ऐन आधी ॲसिटोनने पुसा, एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच कालवा (आपल्या उन्हाळ्यात मोठा डबा हातातच तापून गोठतो), आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. जास्त घातल्याने ती लवकर सुकत नाही, कायमची मऊ राहते. सुकल्यावर वर तेलकट पापुद्रा येतो, तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुतल्याशिवाय घासू नका, नाहीतर कागद भरून जातो आणि रंग सुटतो.

रंगाचा हिशेब सोपा आहे. रुंदी आणि खोली यांची बेरीज करायची, तिला पाण्यातल्या लांबीने गुणायचे, आणि त्याचे पाऊण. पाण्यात ७.३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद, ०.९ मीटर खोल अशा होडीचा तळ सुमारे १८ चौरस मीटर भरतो. लिटरला आठ-नऊ चौरस मीटर धरले तर दोन हातांना चार ते साडेचार लिटर. वरती अर्धा लिटर नाळेची धार, सुकाणू आणि पाण्याची रेषा यांना तिसऱ्या हातासाठी. डबा तळापासून ढवळा, तांबे खाली बसलेले असते. शेवटचा हात घासायचा नाही. हवेत ८५ टक्क्यांहून अधिक दमटपणा असताना रंग लावू नये. जुलैत कोकणात तसा दिवस क्वचितच मिळतो. त्यामुळे तपासणी, खिळे आणि फळ्या पावसात आडोशाला कराव्यात, रंग उघडिपीसाठी ठेवावा. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेलीच पाहिजे म्हणून ओल्या लाकडावर रंग चढवला जातो, तो दिवाळीपर्यंत फोड धरतो. रंगासाठी दोन आठवडे उशीर परवडतो.

ज्या बंदरांत पत्र्याचे उंच छप्पर आणि खाली सिमेंटचा उतार आहे तिथे ही सगळी कामे नीट होतात, पूडही गोळा करता येते. मोठ्या जेट्टीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. बंदरांच्या आराखड्यांत शीतगृह आणि लिलावगृहाबरोबर दुरुस्तीच्या छपराचीही नोंद व्हावी, अशी आमची मागणी आहे. आपल्या वार्ताहरांनी हा प्रश्न लावून धरावा.

होडी पाण्यात गेल्यावर पहिले एक ते तीन दिवस ती पाणी पिणारच. उथळ पाण्यात बांधून ठेवा, पंप आणि माणूस जवळ असू द्या, शीड चढवू नका. एखादा सांधा हटवादीपणे गळत असेल तर बाहेरून त्याच्याखाली बारीक लाकडाचा भुसा सोडा, पाण्याबरोबर तो फटीत ओढला जातो आणि लाकूड फुगेपर्यंत तेवढा आडोसा पुरतो. सांध्यांवर मऊ लांबीची बारीक कड बाहेर आलेली दिसेल. ती चुकीची खूण नाही, फळ्या एकमेकींना भिडल्या आहेत. पुढच्या ओहोटीला ती पत्रीने सपाट कापून घ्यावी.

आपले,
लाकडी होड्यांची दुरुस्ती करणारे काही सुतार आणि होडीमालक,
रत्नागिरी जिल्हा